प्रवचन पाळकाचं, जाब उमेदवाराला

अमेरिकेच्या राज्यघटनेचं सहावं कलम सांगतं की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. हे कलम सरकारला बांधतं, मतदाराला नाही. उमेदवार कोणत्या चर्चमध्ये जातो, तिथं व्यासपीठावर कोण उभं असतं आणि तो माणूस काय बोलतो, हे मतदार विचारतोच. तिकडच्या निवडणुकांत ही विचारणा सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे. ती व्हावी की नाही, यावर भरपूर वाद झाले आहेत. माझ्या मते ती व्हायलाच हवी. ज्या माणसाच्या हाती सैन्य, न्यायाधीशांच्या नेमणुका आणि तिजोरी सोपवायची, त्याची ऊठबस कोणाशी आहे हे लोकांना कळलंच पाहिजे. पण विचारण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती चुकीची आहे. धर्मगुरू काय म्हणाला, हे दहा सेकंदांत दाखवता येतं. उमेदवारानं त्याच्याकडून काय घेतलं आणि त्याला काय दिलं, हे शोधायला वेळ आणि चिकाटी लागते. म्हणून पहिला प्रश्न गाजतो आणि दुसरा तसाच राहून जातो.

सुरुवात १८८४ पासून करू. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षातर्फे जेम्स ब्लेन उभे होते. मतदानाला सहा दिवस उरले असताना, २९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात प्रोटेस्टंट पाद्र्यांचा मेळावा त्यांना पाठिंबा द्यायला जमला. सॅम्युअल बर्चर्ड नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकांनी स्वागताचं भाषण केलं. डेमोक्रॅटिक पक्षाची परंपरा म्हणजे दारू, रोमचा धर्म आणि बंडखोरी, असं ते बोलून गेले. दारूचा टोला आणि रोमचा टोला दोन्ही आयरिश कॅथलिकांना लागत होते. बंडखोरीचा रोख यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडे होता. प्रचारानं थकलेल्या ब्लेन यांनी उत्तराच्या भाषणात त्या वाक्याचा निषेध केला नाही. सभागृहात विरोधी पक्षाचा लघुलेखक बसलेला होता. त्यानं ते वाक्य टिपलं आणि पुढच्या काही दिवसांत आयरिश वस्त्यांमधून त्याची पत्रकं फिरली. खुद्द ब्लेन यांची आई कॅथलिक होती आणि आयरिश मतं आपल्याकडे वळतील या आशेवरच त्यांची न्यूयॉर्कमधली गणितं उभी होती. अकरा लाखांहून अधिक मतं पडलेल्या त्या राज्यात ते सुमारे अकराशे मतांनी हरले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही गेलं. पराभवाची दुसरी कारणंही आहेत. त्याच रात्री डेल्मोनिको या महागड्या हॉटेलात ते धनाढ्यांच्या पंक्तीला बसले आणि त्याचं व्यंगचित्र गावभर झालं. दारूबंदीवाल्या उमेदवारानंही त्यांची मतं खाल्ली. तरी लोकांच्या आठवणीत बर्चर्डच राहिले.

या प्रकरणात पुढच्या सगळ्या प्रकरणांचा सांगाडा दिसतो. बोलतो एक आणि भोगतो दुसरा. भाषणातलं एकच वाक्य सुटं काढलं जातं. ते पोचवणारं नवं साधन हाताशी असतं, मग तो लघुलेखक असो वा व्हिडिओ. आणि उमेदवाराचं मौन हीच त्याची संमती धरली जाते.

पुढची काही दशकं संशयाचा रोख कॅथलिकांवर होता. १९२८ मध्ये अल स्मिथ आणि १९६० मध्ये जॉन केनेडी यांना एकच प्रश्न झेलावा लागला, तुम्ही ऐकणार कोणाचं, राज्यघटनेचं की पोपचं? केनेडींनी १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांच्याच सभेत जाऊन त्याला उत्तर दिलं. सार्वजनिक प्रश्नांवर मी माझ्या चर्चच्या वतीनं बोलत नाही आणि चर्च माझ्या वतीनं बोलत नाही, हा त्या भाषणाचा गाभा. त्यांच्यावरचा आरोप एका संस्थेशी असलेल्या नात्याचा होता, कोणा एका धर्मगुरूच्या बोलण्याचा नव्हता. म्हणून तत्त्व मांडलं की उत्तर पुरं होत होतं. एखाद्या माणसाशी असलेलं नातं असं तत्त्वानं उलगडता येत नाही. बराक ओबामांना हे २००८ मध्ये कळलं.

ओबामा १९८५ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात वस्ती-संघटक म्हणून आले. पोलादाचे कारखाने बंद पडल्यानं तो भाग उद्ध्वस्त झाला होता. लोकांना एकत्र आणायचं तर चर्चमधूनच आणावं लागे, कारण कृष्णवर्णीय वस्तीत दुसरी भक्कम संस्था उरलेली नव्हती. पाळकांच्या दारी जाणाऱ्या या तरुणाला पाळक उलट विचारत, तू स्वतः कोणत्या चर्चचा? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बाप केनियाचा आणि निरीश्वरवादी, आई कान्सासची आणि कोणत्याच पंथाची नसलेली. शोधता शोधता तो ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये पोचला.

तिथले पाळक जेरमाया राइट. तरुणपणी ते मरीन दलात आणि मग नौदलात होते. १९६६ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांची देखभाल करणाऱ्या वैद्यकीय पथकात राइट होते. १९७२ मध्ये त्यांनी ट्रिनिटीची सूत्रं घेतली तेव्हा मंडळीत ८७ माणसं होती. निवृत्तीच्या सुमाराला ती संख्या सहा हजारांवर गेली होती. चर्चमध्ये पाळणाघर होतं, कायदेशीर सल्ला मिळे, एड्सग्रस्तांसाठी काम चाले. प्राध्यापक, वकील आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या बायका एकाच बाकावर बसत. ओबामांचा बाप्तिस्मा इथं झाला, १९९२ मध्ये मिशेलशी त्यांचं लग्न राइट यांनी लावलं, दोन्ही मुलींचे बाप्तिस्मेही त्यांनीच केले. २००६ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकाचं शीर्षकही ओबामांनी राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलं होतं.

वादाचा वास निवडणूकवाल्यांना आधीच आला होता. १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये ओबामांनी उमेदवारी जाहीर केली. त्या सभेची सुरुवात राइट यांच्या प्रार्थनेनं व्हायची होती, पण आदल्या रात्री त्यांना व्यासपीठावर येऊ नका असं कळवण्यात आलं. वर्षभर प्रकरण धुमसत राहिलं. १३ मार्च २००८ रोजी एबीसी वाहिनीनं राइट यांच्या प्रवचनांतले तुकडे दाखवले आणि ते देशभर पसरले. ही प्रवचनं कोणी चोरून टिपलेली नव्हती. चर्चच ती विकत असे.

दोन तुकडे सर्वांत जास्त फिरले. पहिला १६ सप्टेंबर २००१ चा, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यानंतरच्या पहिल्या रविवारचा. अमेरिकेनं जगात जे पेरलं तेच घरी परतलं, असा त्याचा आशय. दुसरा एप्रिल २००३ चा, इराकवरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी केलेल्या प्रवचनातला. त्यात राइट ओरडून म्हणतात की 'देव अमेरिकेचं भलं करो' कसलं म्हणता, देव अमेरिकेला शाप देवो.

पूर्ण प्रवचनं ऐकली की चित्र बदलतं. २००१ चं प्रवचन स्तोत्रसंहितेतल्या १३७ व्या स्तोत्रावर आहे. ते स्तोत्र परमुलखात कैद झालेल्यांच्या विलापानं सुरू होतं आणि शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या हत्येच्या इच्छेपाशी येऊन थांबतं. शोकाकुल माणूस निष्पाप जिवांवर सूड उगवायला किती सहज निघतो, हा राइट यांचा मुद्दा होता, आणि देश अफगाणिस्तानवर चाल करून जायच्या बेतात असताना ते हे सांगत होते. पेरलं ते परतलं, हा भाग एडवर्ड पेक या माजी राजदूताच्या मुलाखतीचा हवाला देऊन आलेला आहे. २००३ च्या प्रवचनाचा विषय सरकार आणि देव यांची गल्लत. सरकारं बदलतात, खोटं बोलतात, चुकतात. देव तसा नाही. शापाचं वाक्य नागरिकांना माणसासारखं न वागवणाऱ्या देशाला उद्देशून आहे. इस्राएलच्या राजांना हेच सांगणाऱ्या यिर्मया आणि आमोस या संदेष्ट्यांची धाटणी त्यामागे आहे, आणि कृष्णवर्णीय चर्चमध्ये ती गुलामगिरीच्या काळापासून चालत आली आहे. मार्टिन लूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. पुढच्या रविवारी ते जे प्रवचन करणार होते, त्याचा विषय अमेरिका नरकात का जाऊ शकते हा होता. आज किंग यांच्या नावानं राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्यांचा हा स्वर बहुतेकांना माहीतही नसतो.

म्हणून राइट यांचं सगळं बोलणं झाकून घ्यायचं, असं मात्र नाही. एड्सचा विषाणू अमेरिकी सरकारनं कृष्णवर्णीयांना संपवण्यासाठी तयार केला, हा त्यांचा दावा साफ खोटा आहे. तो संशय कुठून आला हे समजतं. अलाबामातल्या टस्कीगी इथं सरकारी आरोग्य सेवेनं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचारांविना तसाच ठेवला, केवळ रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही. ज्या समाजानं हे भोगलं त्याचा सरकारवर विश्वास कसा बसावा? पण पाळक व्यासपीठावरून बोलतो तेव्हा त्याच्या शब्दावर आजारी माणसं विसंबतात. तिथून असला दावा करणं बेजबाबदारपणाचं होतं, आणि वीस वर्षं त्या चर्चमध्ये बसलेल्या उमेदवाराला त्याबद्दल विचारणं रास्त होतं.

१८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फियात ओबामांनी उत्तर दिलं. सदतीस मिनिटांच्या त्या भाषणात त्यांनी राइट यांच्या विधानांचा निषेध केला, पण माणसाला टाकलं नाही. मला वाढवणारी गोरी आजी रस्त्यात कृष्णवर्णीय पुरुष दिसला की घाबरते हे तिनं स्वतः कबूल केलं होतं, तिला जसं मी नाकारू शकत नाही तसं यांनाही नाही, असं ते म्हणाले. राइट यांची खरी चूक, ओबामांच्या मते, देश बदलतच नाही असं मानण्यात होती. निवडणुकीच्या धामधुमीत एखाद्या उमेदवारानं इतकी गुंतागुंत श्रोत्यांपुढे ठेवावी आणि त्यांना ती समजेल असा भरवसा धरावा, हे क्वचित घडतं. मला ते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं भाषण वाटतं.

ती भूमिका सहा आठवडे टिकली. २८ एप्रिलला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये राइट बोलले. हल्ला माझ्यावर नाही, कृष्णवर्णीय चर्चवर आहे, असं त्यांनी सांगितलं. भाषणाचा तो भाग अभ्यासू होता. मग प्रश्नोत्तरं झाली आणि त्यांनी एड्सचा दावा सोडला नाही, नेशन ऑफ इस्लाम या संघटनेचे नेते लुई फराखान यांची स्तुती केली आणि ओबामा राजकारणी आहेत, ते राजकारण्यासारखंच बोलणार, असं सुचवलं. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनात ओबामांनी संबंध तोडले. आठवड्यानं तिथली प्राथमिक निवडणूक त्यांनी मोठ्या फरकानं जिंकली, तर इंडियानात थोडक्यात हरले. मे महिन्याच्या शेवटी ट्रिनिटीच्या व्यासपीठावरून मायकल फ्लेगर या पाहुण्या कॅथलिक धर्मगुरूंनी उमेदवारीच्या शर्यतीतल्या ओबामांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांची टर उडवली. ३१ मे रोजी ओबामांनी चर्चचं सदस्यत्व सोडलं. दोन बाजूंनी चाललेल्या या ओढाताणीत मंडळीतली साधी माणसं भरडली गेली. त्यांच्या रविवारच्या उपासनेला कॅमेरे आले, आजारी सदस्यांच्या घरी पत्रकारांचे फोन गेले. या माणसांबद्दल त्या काळात फार थोडं लिहिलं गेलं.

त्याच सुमाराला एका पाहणीत दर दहा अमेरिकी माणसांपैकी साधारण एकाला ओबामा मुसलमान वाटत होते. एकीकडे त्यांच्या ख्रिस्ती पाळकावरून गदारोळ, दुसरीकडे ते ख्रिस्तीच नाहीत ही अफवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या, यावरून या चौकशीमागे धर्माइतकीच परकेपणाची भीती होती हे दिसतं.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. २७ फेब्रुवारी २००८ रोजी रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत पाळक जॉन हेगी यांचा पाठिंबा स्वीकारला. हेगींचं चर्च हजारोंचं, टीव्हीवरून त्यांची प्रवचनं देशभर जात. इस्राएलला पाठिंबा देणारी मोठी ख्रिस्ती संघटना त्यांनी २००६ मध्ये उभी केली होती. मकेन यांना अशा पाठिंब्याची गरज होती. २००० च्या निवडणुकीत त्यांनी पॅट रॉबर्टसन आणि जेरी फॉलवेल या बड्या धर्मप्रचारकांना असहिष्णुतेचे हस्तक म्हटलं होतं, आणि इव्हँजेलिकल मतदार ते विसरले नव्हते. त्यातून टेक्ससची प्राथमिक निवडणूक तोंडावर होती आणि समोर माइक हकबी होते, जे स्वतःच बाप्टिस्ट पाळक.

हेगी काय बोलले आहेत, हे शोधायला कष्ट लागणार नव्हते. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅटरिना वादळानं माणसं मेली, ती समलिंगींच्या नियोजित मिरवणुकीबद्दल देवानं केलेली शिक्षा, असं ते २००६ मध्ये रेडिओवर म्हणाले होते. कॅथलिक चर्चबद्दलची त्यांची विधानं इतकी जहरी होती की कॅथलिक संघटनांनी लगेच हरकत घेतली. एप्रिलमध्ये मकेन यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केलं की हा पाठिंबा मागायला गेलो ही बहुधा चूकच झाली. त्याच दमात, पाठिंब्याचा आनंद आहे असंही ते म्हणाले. मे महिन्यात हेगींचं १९९० च्या दशकातलं एक प्रवचन उजेडात आलं. यिर्मयाच्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात देव आधी कोळ्यांना आणि मग शिकाऱ्यांना पाठवतो असं वचन आहे. ज्यूंना त्यांच्या भूमीकडे नेण्यासाठी देवानं पाठवलेला शिकारी म्हणजे हिटलर, असा अर्थ हेगींनी लावला होता. २२ मे रोजी मकेन यांनी पाठिंबा नाकारला. ओहायोतले पाळक रॉड पार्स्ली इस्लामला नष्ट करायची भाषा करत. त्यांचा पाठिंबाही त्याच दिवशी गेला.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. ओबामा राइट यांच्याकडे गेले तेव्हा ते पंचविशीतले, कोणाला माहीत नसलेले संघटक होते. त्यांना श्रद्धा हवी होती, माणसं हवी होती, आणि पुढे राजकारणात शिरल्यावर त्या चर्चचा उपयोगही झाला. नातं वीस वर्षांचं, त्यात प्रेम आणि स्वार्थ दोन्ही मिसळलेले. मकेन हेगींच्या चर्चचे नव्हते, त्यांच्याकडून प्रवचन ऐकायला गेले नव्हते. ते मतं मागायला गेले होते. मला दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. आपला पाळक चुकीचं बोलतो म्हणून चर्च सोडणं माणसाला जड जातं, कारण तिथं लग्नं झालेली असतात, मयतं झालेली असतात. पाठिंबा मात्र विचार करून मागितला जातो, आणि मागणाऱ्यानं देणाऱ्याचे शब्द तपासून घेणं हे त्याचं कामच आहे. तरीही त्या वर्षी वाहिन्यांनी राइट यांना हेगींपेक्षा कितीतरी जास्त वेळ दिला. हेगींना ज्या समुदायाचा आधार होता तो देशाच्या मुख्य प्रवाहातला मानला जाई, राइट यांचा समुदाय मात्र बहुसंख्यांनी आतून कधी पाहिलेला नव्हता. मकेन यांच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्यांच्याच पक्षानं राइट यांचा तुकडा वापरून जाहिरात काढली, तेव्हा त्यांनी तिचा जाहीर निषेध केला.

दुसऱ्याच्या बोलण्याचा जाब उमेदवाराला कधी विचारावा, याचं कायद्यातलं उत्तर महाराष्ट्रात सापडतं. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांत धर्माच्या नावानं मतं मागितली गेली, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ते कायम केलं, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. बोलणारे धर्मगुरू नव्हते, पण प्रश्न हाच होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये कसोटी आहे ती संमतीची. वक्ता उमेदवाराच्या संमतीनं बोलला का? अमेरिकेत असा कायदा नाही. तिथं २००८ साली लागू असलेला १९५४ चा कर नियम एवढंच सांगत होता की करमाफी घेणाऱ्या चर्चनं संस्था म्हणून कोणाचा प्रचार करू नये. पाळकाला व्यक्ती म्हणून मोकळीक होती. न्यायालय विचारणार नाही तेव्हा मतदारानंच विचारायचं असतं, आणि त्यासाठी संमतीची ही कसोटी तिथंही चालली असती. हेगींच्या बाबतीत संमती व्यासपीठावर हात मिळवून दिलेली होती.

२००८ ची निवडणूक ओबामा जिंकले, ३६५ विरुद्ध १७३ अशा प्रतिनिधी-मतांनी. राइट यांचं नाव २०१२ मध्ये पुन्हा वर काढायची एक महागडी जाहिरात योजना आखली गेली होती. ती वृत्तपत्रांतून फुटताच त्या वर्षीचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी तिच्यापासून अंग काढून घेतलं. रॉम्नींना त्याचं कारण चांगलं माहीत असावं. ते मॉर्मन पंथाचे. २०११ मध्ये डॅलसचे बाप्टिस्ट पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी उमेदवारीसाठी रॉम्नींशी लढणाऱ्या रिक पेरी यांची व्यासपीठावर ओळख करून दिली आणि लगेच पत्रकारांना सांगितलं की मॉर्मन हा ख्रिस्ती धर्म नसून भलताच पंथ आहे. पेरींना त्यावर सारवासारव करावी लागली. २०१३ मध्ये ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीला आशीर्वाद देणार असलेल्या लुई गिग्लिओ या पाळकांनी समलिंगींबद्दलचं त्यांचं जुनं प्रवचन पुढे येताच माघार घेतली. तोवर जुनं बोलणं बाहेर आलं की उमेदवार अस्वस्थ व्हायचे, निदान काहीतरी उत्तर द्यायचे.

पाच वर्षांत हे बदललं. १४ मे २०१८ रोजी, रिपब्लिकन सरकारच्या काळात, जेरुसलेममध्ये अमेरिकेच्या दूतावासाचं उद्घाटन झालं. सुरुवातीची प्रार्थना जेफ्रेस यांनी म्हटली आणि समारोपाचा आशीर्वाद हेगी यांनी दिला, ज्यांचा पाठिंबा दहा वर्षांपूर्वी त्याच पक्षाच्या उमेदवाराला नाकारावा लागला होता. रॉम्नी यांनी जेफ्रेस यांच्या निवडीवर उघड आक्षेप घेतला. कार्यक्रमात बदल झाला नाही.